अवकाश आणि पृथ्वी यांच्यातील बरोबरीचा डाव : एक अभ्यास

बुद्धिबळाचा डाव संपला की पाहणाऱ्याच्या तोंडून पहिला प्रश्न निघतो तो "जिंकले कोण?" हा. "बरोबरी झाली" असे उत्तर मिळाले की त्याचे कुतूहल तेथेच मावळते. जणू दोन्ही खेळाडूंचे श्रम वाया गेले आणि सांगण्यासारखे काहीच उरले नाही. सायंकाळच्या बुद्धिबळ वर्गात बसणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांचीही हीच समजूत असते आणि ती त्यांनी मोठ्यांकडूनच घेतलेली असते.

स्मरणिकेत प्रथम क्रमांकांच्या, पदकांच्या आणि निकालांच्या नोंदी असतात व त्या असाव्यातच. परंतु विद्यार्थ्याच्या आयुष्यात प्रथम क्रमांकाचे दिवस मोजके असतात. बाकीचे बहुतेक दिवस न हरता टिकून राहण्याचे असतात. तसे टिकून राहण्याचेही एक शास्त्र आहे, आणि ते शिकण्यासाठी बरोबरीत सुटलेल्या डावासारखा दुसरा शिक्षक नाही. म्हणून या अभ्यासलेखासाठी आम्ही मुद्दाम असा एक डाव निवडला आहे, ज्यात कोणीही जिंकले नाही. माजी विद्यार्थ्यांनी, पालकांनी आणि समाजबांधवांनी घरी पट मांडून हा लेख वाचावा, अशी आमची विनंती आहे.

दूर बसून खेळण्याची परंपरा

समोरासमोर न बसता डाव खेळण्याची रीत जुनी आहे. एका गावचा खेळाडू आपली चाल पत्रात लिहून पाठवतो, दुसऱ्या गावचा खेळाडू ती आपल्या पटावर मांडतो, विचार करतो आणि उत्तर धाडतो. याला पत्राद्वारे बुद्धिबळ म्हणतात. लंडन आणि एडिंबरो येथील मंडळांनी १८२४ ते १८२८ या काळात असा सामना खेळला. त्या सामन्यात गाजलेल्या एका प्रारंभाला आजही 'स्कॉच' याच नावाने ओळखतात. पाच डावांच्या त्या सामन्याला चार वर्षे लागली, यावरून या खेळाला लागणाऱ्या संयमाची कल्पना येईल.

या प्रकारात तीन गोष्टी अंगी बाणतात. पहिली, चाल लिहून द्यावी लागत असल्याने विचारात अस्पष्टता चालत नाही. दुसरी, पाठवलेली चाल परत घेता येत नाही. तिसरी, उत्तर येईपर्यंत वाट पाहावी लागते आणि त्या काळात आपण प्रतिपक्षाच्या जागी बसून विचार करू लागतो. पुढे तार आली, रेडिओ आला. संदेश वेगाने जाऊ लागला, परंतु या तीन गोष्टी बदलल्या नाहीत. आमचा डाव या परंपरेतील एक विलक्षण कडी आहे. त्यात एक पक्ष पृथ्वीवर होता आणि दुसरा पृथ्वीभोवती फिरत होता.

सोयूझ-९ मधील पट

१ जून १९७० रोजी सोव्हिएत संघाच्या बैकोनूर तळावरून 'सोयूझ-९' हे यान अवकाशात झेपावले. त्यात दोन अंतराळवीर होते. यानाचे प्रमुख आंद्रियान निकोलायेव्ह यांनी यापूर्वी १९६२ साली 'व्होस्तोक-३' मधून उड्डाण केले होते. व्हिताली सेवास्त्यानोव्ह हे अभियंता होते. वजनरहित अवस्थेत माणूस किती दिवस तग धरू शकतो, त्याचे शरीर आणि मन कसे वागते, हे तपासणे हा या मोहिमेचा मुख्य हेतू होता. १९ जूनला यान परतले तेव्हा जवळजवळ अठरा दिवस झाले होते. अमेरिकेच्या 'जेमिनी-७' यानाने १९६५ साली सुमारे चौदा दिवसांचा जो विक्रम केला होता, तो मागे पडला.

या प्रदीर्घ मोहिमेत ९ जूनला विश्रांतीचा दिवस आला. त्या दिवशी अंतराळवीरांनी पृथ्वीवरील सहकाऱ्यांशी बुद्धिबळाचा डाव मांडला. पृथ्वीच्या बाजूने दोघे बसले : अंतराळवीरांच्या प्रशिक्षणाचे प्रमुख जनरल निकोलाय कामानिन आणि 'सोयूझ-७' मधून आदल्याच वर्षी जाऊन आलेले अंतराळवीर व्हिक्टर गोर्बात्को. पांढरी मोहरी अवकाशाकडे होती, काळी पृथ्वीकडे. चाली रेडिओवरून सांगितल्या जात. यान पृथ्वीभोवतीची एक फेरी सुमारे दीड तासात पूर्ण करी. ते संपर्काच्या टप्प्याबाहेर गेले की बोलणे थांबे, आणि दोन्ही पक्ष आपापल्या पटाकडे पाहत विचार करत राहत. अशा रीतीने हा डाव सुमारे सहा तास चालला. मनुष्याने अवकाशातून खेळलेला हा पहिला बुद्धिबळाचा डाव होय.

वजनच नसलेल्या ठिकाणी मोहरी पटावर राहणार कशी, असा प्रश्न आमचे विद्यार्थी हटकून विचारतात. चुंबकाचा पट हे सोपे उत्तर वाटते. परंतु यानातील नाजूक उपकरणांजवळ चुंबक नको होता. म्हणून मिखाईल क्लेव्हत्सोव्ह या अभियंत्याने खाचांचा पट तयार केला. मोहरी त्या खाचांत बसवलेली असत आणि खाचेतूनच सरकवून एका घरातून दुसऱ्या घरात नेता येत. पट उलटा धरला तरी डाव मोडत नसे.

त्या वर्षी सोव्हिएत संघात बुद्धिबळाचे वातावरण केवढे होते, हेही लक्षात घ्यावे. जगज्जेतेपद बोरिस स्पास्की यांच्याकडे होते. त्याच वसंत ऋतूत बेलग्रेड येथे सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग असा दहा पटांवरचा सामना झाला होता आणि सोव्हिएत संघाने तो २०.५ विरुद्ध १९.५ अशा निसटत्या फरकाने जिंकला होता. आपल्या डावातील चौघे मात्र व्यावसायिक खेळाडू नव्हते. दिवसभराच्या कामातून वेळ काढून मन लावून खेळणारी ती माणसे होती, म्हणूनच त्यांचा डाव आपल्यासारख्यांना अभ्यासण्यास सोयीचा आहे. सेवास्त्यानोव्ह पुढे १९७७ साली सोव्हिएत बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष झाले.

डाव वाचण्याची रीत

पांढऱ्याच्या डाव्या हातापासून उभ्या पट्ट्यांना ए, बी, सी, डी, ई, एफ, जी, एच अशी नावे आहेत. आडव्या ओळी पांढऱ्याच्या बाजूने १ ते ८ मोजाव्यात. रा म्हणजे राजा, व वजीर, ह हत्ती, उं उंट, घो घोडा. प्याद्याला अक्षर नाही, फक्त घर लिहिलेले आहे. '×' या खुणेचा अर्थ मारणे, '०-०' म्हणजे राजाच्या बाजूचे कॅसलिंग. दोन सारखी मोहरी एकाच घरी जाऊ शकत असतील तेथे कंसात पट्टीचे अक्षर दिले आहे. प्रत्येक ओळीत आधी पांढऱ्याची आणि मग काळ्याची चाल आहे.

१. डी४ – डी५
२. सी४ – डी×सी४
३. ई३ – ई५
४. उं×सी४ – ई×डी४
५. ई×डी४ – घो-सी६
६. उं-ई३ – उं-डी६
७. घो-सी३ – घो-एफ६
८. घो-एफ३ – ०-०
९. ०-० – उं-जी४
१०. एच३ – उं-एफ५
११. घो-एच४ – व-डी७
१२. व-एफ३ – घो-ई७
१३. जी४ – उं-जी६
१४. ह(ए)-ई१ – रा-एच८
१५. उं-जी५ – घो(ई)-जी८
१६. घो-जी२ – ह(ए)-ई८
१७. उं-ई३ – उं-बी४
१८. ए३ – उं×सी३
१९. बी×सी३ – उं-ई४
२०. व-जी३ – सी६
२१. एफ३ – उं-डी५
२२. उं-डी३ – बी५
२३. व-एच४ – जी६
२४. घो-एफ४ – उं-सी४
२५. उं×सी४ – बी×सी४
२६. उं-डी२ – ह×ई१
२७. ह×ई१ – घो-डी५
२८. जी५ – व-डी६
२९. घो×डी५ – सी×डी५
३०. उं-एफ४ – व-डी८
३१. उं-ई५ शह – एफ६
३२. जी×एफ६ – घो×एफ६
३३. उं×एफ६ शह – ह×एफ६
३४. ह-ई८ शह – व×ई८
३५. व×एफ६ शह – रा-जी८. बरोबरी.

प्रारंभ : देऊ केलेले प्यादे

पहिल्या दोन चालींनी जो प्रारंभ तयार होतो त्याला 'क्वीन्स गॅम्बिट' म्हणतात. वजिराच्या बाजूचे सी पट्टीतील प्यादे पांढरा पुढे करतो आणि प्रतिपक्षाला ते मारू देतो. 'गॅम्बिट' हा शब्द इटालियन भाषेतून आला. कुस्तीत पाय घालून पाडण्याच्या डावपेचाशी त्याचा संबंध आहे. काळ्याने ते प्यादे स्वीकारले तर त्या शाखेला 'स्वीकृत' गॅम्बिट म्हणतात आणि न स्वीकारता ई६ने डी५ला आधार दिला तर 'अस्वीकृत'. हा प्रारंभ पंधराव्या शतकाच्या अखेरच्या गटिंगेन हस्तलिखितातही आढळतो, इतका तो जुना आहे. पृथ्वीच्या पक्षाने प्यादे स्वीकारले.

येथे पहिला धडा आहे. सी४वर मिळालेले प्यादे काळ्याने धरून ठेवावे काय? तिसऱ्या चालीला ई३ खेळून पांढऱ्याने उंटासाठी वाट मोकळी केली आहे. आता तो ते प्यादे मारणार हे उघड आहे. नवशिका लगेच बी५ खेळून त्या प्याद्याला आधार देतो. पट मांडून पुढील चाली पाहाव्यात : ३... बी५ ४. ए४ सी६ ५. ए×बी५ सी×बी५ ६. व-एफ३! पांढऱ्याचा वजीर तिरक्या रेषेत थेट ए८च्या हत्तीवर रोखलेला आहे. मधली सर्व घरे रिकामी झाली आहेत. हत्ती वाचवायचा तर काळ्याला घोडा किंवा उंट मध्ये घालून गमवावा लागतो. एका प्याद्याच्या लोभापायी एक मोहरा जातो.

पृथ्वीच्या पक्षाने तसे केले नाही. त्यांनी ई५ खेळून मिळालेले प्यादे सोडून दिले आणि त्याच्या बदल्यात मध्यभागी वाटा मागितला. पांढऱ्याने डी×ई५ मारले असते तर काळ्याने व×डी१ शह देऊन वजिरांची अदलाबदल केली असती, पांढऱ्याच्या राजाला वजीर मारण्यासाठी हलावे लागले असते आणि कॅसलिंगचा हक्क गेला असता. म्हणून अवकाशाच्या पक्षाने शांतपणे उंटाने आपले प्यादे परत मिळवले. पाचव्या चालीअखेर दोन्हींकडे मोहऱ्यांचा हिशेब समसमान झाला.

एकाकी प्यादे : दोष आणि गुण

पाचव्या चालीनंतरची प्याद्यांची रचना हा या डावाचा पाया आहे. पांढऱ्याचे डी४वरचे प्यादे एकटे पडले आहे. त्याच्या शेजारच्या सी आणि ई या दोन्ही पट्ट्यांत पांढऱ्याचे प्यादे नाही. अशा प्याद्याला एकाकी प्यादे म्हणतात. त्याचा दोष स्पष्ट आहे. त्याला दुसरे प्यादे आधार देऊ शकत नाही, आणि त्याच्या समोरचे डी५ हे घर काळ्याच्या मोहऱ्यांचे कायमचे ठाणे बनू शकते, कारण तेथून त्यांना हुसकावणारे प्यादे पांढऱ्याकडे नाही.

त्याचा गुण मात्र चटकन दिसत नाही. शेजारची प्यादी नसल्यामुळेच उंटांच्या रेषा आणि ई पट्टी मोकळी झाली आहे. एकाकी प्यादे असलेल्या पक्षाने आक्रमण करावे आणि त्याच्या विरुद्ध असलेल्या पक्षाने मोहऱ्यांची अदलाबदल करत शांतपणे डाव अखेरीकडे न्यावा, असा जाणत्यांचा सल्ला आहे. आपल्या डावात दोन्ही पक्षांनी नेमके हेच केलेले दिसते. काळ्याने डी५ हे घर दोनदा वापरले : २१व्या चालीला उंटासाठी, २७व्या चालीला घोड्यासाठी. पांढऱ्याने ई पट्टीवर १४व्या चालीलाच हत्ती आणला, आणि ३४व्या चालीला याच पट्टीने त्याला निर्णायक वाट दिली. पाचव्या चालीला पेरलेले तेहतिसाव्या-चौतिसाव्या चालीला उगवते, हे विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी यापेक्षा सोपे उदाहरण आम्हाला सापडलेले नाही.

१८व्या चालीकडेही थोडे थांबून पाहावे. काळ्याने सी३वरचा घोडा उंटाने मारला आणि पांढऱ्याने बी प्याद्याने परत मारले. या अदलाबदलीने पांढऱ्याचे प्यादे सी३वर येऊन उभे राहिले आणि डी४ला आधार मिळाला. एकाकी प्यादे आता एकाकी राहिले नाही. प्रतिपक्षाचा दोष आपल्याच हाताने दुरुस्त होणार नाही ना, हे प्रत्येक अदलाबदलीपूर्वी तपासावे.

मध्यभाग : मागे आलेला घोडा

अकराव्या चालीपासून पांढऱ्याने राजाच्या बाजूला आक्रमण सुरू केले. घोडा एच४वर, वजीर एफ३वर, प्यादे जी४वर. आपल्याच राजासमोरची प्यादी पुढे ढकलणे धोक्याचे असते, परंतु काळ्याच्या मोहऱ्यांना त्या क्षणी तेथे पोहोचता येत नव्हते.

१५व्या चालीला उंट जी५वर आला. त्यात एक बेत दडलेला आहे. पुढे उं×एफ६, जी×एफ६, व×एफ६ शह असे झाले असते तर काळ्याच्या राजासमोरचे कुंपण मोडले असते. काळ्याचे उत्तर पाहावे : ई७वरचा घोडा मागे जी८वर गेला. मध्यभाग सोडून कोपऱ्यात, राजाच्या शेजारी. पाहणाऱ्याला ही माघार दुबळी वाटेल. परंतु तो घोडा एफ६ या घरावर पहारा देत तेथेच उभा राहिला, आणि सतरा चालींनंतर, ३२व्या चालीला, पांढऱ्याचे घुसलेले प्यादे त्यानेच मारले. वसतिगृहात असे विद्यार्थी आम्ही पाहिले आहेत. वर्षभर मागच्या बाकावर शांत बसलेले असतात. अडचणीच्या वेळी सगळे त्यांच्याकडे वळतात.

२३व्या चालीला पांढऱ्याचा वजीर एच४वर आणि उंट डी३वर होता. दोघांची नजर एच७वर होती. एफ६चा घोडा जी५ने हुसकावला की एच७वर मात होण्याची भीती होती. काळ्याने जी६ खेळून उंटाची वाट अडवली आणि लगेच आपला उंट सी४वर आणून तो आक्रमक उंटच अदलाबदलीत काढून टाकला. धोका कोठून येतो ते ओळखून नेमके तेच मोहरे पटावरून घालवणे, ही बचावाची उत्तम रीत आहे. मात्र प्रत्येक उपायाची किंमत असते. जी६मुळे ए१ ते एच८ ही लांब तिरकी रेषा राजापर्यंत उघडी झाली. पुढे सगळे नाट्य याच रेषेवर घडले.

अखेर : दुसरा मोह

३०व्या चालीला पांढऱ्याचा उंट एफ४वर आला आणि त्याने डी६च्या वजिरावर हल्ला केला. वजिराला हलणे भाग आहे. आणि येथे ए३वर पांढऱ्याचे एक प्यादे निराधार उभे आहे. काळ्याचा वजीर ते तिरक्या रेषेत सहज मारू शकतो. आमच्या वर्गात आम्ही डाव याच ठिकाणी थांबवतो आणि विचारतो, "ते प्यादे घ्याल का?" बहुतेक हात वर जातात.

मग पुढच्या चाली मांडतो : ३०... व×ए३ ३१. उं-ई५ शह एफ६ ३२. जी×एफ६ घो×एफ६ ३३. उं×एफ६ शह. आता काळ्याने हत्तीने उंट मारला तर पांढऱ्याचा वजीर एफ६वरचा हत्ती शह देत फुकट मारतो, कारण त्या हत्तीला राखणारा काळा वजीर दूर ए३वर प्यादे खात बसलेला आहे. उंट न मारता राजा हलवला तरी पांढरा एका मोहऱ्याने पुढे राहतो. डाव काळ्याच्या हातातून गेलेला असतो.

पृथ्वीच्या पक्षाने ते प्यादे घेतले नाही. वजीर डी८वर मागे आला, जेथून तो एफ६ या घराला राखतो. एवढ्या एका चालीने डाव वाचला. तिसऱ्या चालीला सी४चे प्यादे सोडणे आणि तिसाव्या चालीला ए३चे प्यादे न घेणे, या दोन चाली एकाच स्वभावाच्या आहेत. हाताशी आलेल्या लहान लाभापेक्षा आपल्या राजाची गरज मोठी, हे दोन्ही ठिकाणी ओळखले गेले.

अवकाशाचा पक्षही तितकाच सावध होता. ३३व्या चालीनंतर पांढऱ्याचा वजीर, एफ६वरचा काळा हत्ती आणि डी८वरचा काळा वजीर हे तिघे एका तिरक्या रेषेत आले. पांढऱ्याने हत्ती ई८वर नेऊन शह दिला. तो हत्ती काळ्या वजिराच्या तोंडी आहे, पण वजिराने तो मारताच एफ६चा आधार सुटतो. काळ्याला दुसरा पर्याय नव्हता. राजा जी७वर नेला तर वजीर जातो. हत्ती एफ८वर आणला तरी वजीर वाचत नाही. म्हणून व×ई८, आणि मग व×एफ६ शह. हत्ती दिला, हत्ती घेतला.

३५व्या चालीनंतर पटावर काय उरले? प्रत्येकाकडे एक राजा, एक वजीर आणि पाच प्यादी. दोन्ही राजांभोवतीचे कुंपण विस्कटलेले, दोन्ही वजीर मोकळे. अशा स्थितीत जो विजयासाठी ताणू पाहील त्याच्याच राजाला सततच्या शहांना तोंड द्यावे लागते. दोन्ही पक्षांनी हे ओळखले आणि बरोबरी मान्य केली.

बरोबरीचा अर्थ

बरोबरी दोन प्रकारची असते. काही चालींतच दोघांनी हात मिळवून उठावे, ही एक. सर्व शस्त्रे वापरून झाल्यावर, एकही चूक पदरात पडू न देता, दोघांचे बळ सारखे उरावे, ही दुसरी. पहिलीत शिकण्यासारखे फारसे नसते. दुसरी कमवावी लागते. १९२७ साली कापाब्लांका आणि अलेखिन यांच्यात जगज्जेतेपदासाठी झालेल्या सामन्यात ३४ पैकी २५ डाव बरोबरीत सुटले. अलेखिन यांनी ६ जिंकले, कापाब्लांका यांनी ३. ते २५ डाव नसते तर ६ विजयांना उभे राहण्यास जमीनच मिळाली नसती. त्या सामन्यातील दोन सोडून सर्व डाव क्वीन्स गॅम्बिटच्या अस्वीकृत शाखेचे होते, ही नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सोयूझ-९च्या डावाला आणखी एक बाजू आहे. पृथ्वीवर उतरल्यावर निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह यांना आधाराशिवाय उभे राहणेही कठीण झाले. इतके दिवस वजनाशिवाय काढल्यामुळे त्यांचे स्नायू आणि हृदय दुबळे झाले होते. पुढील दीर्घ मोहिमांत व्यायामाला जे महत्त्व आले, त्यामागे या दोघांनी सोसलेले कष्ट आहेत. शरीर असे हळूहळू खचत असताना, घरापासून दूर, एका लहानशा यानात त्यांनी पस्तीस चाली डोके शांत ठेवून खेळल्या. त्या डावात जिंकणे त्यांच्या हाती नव्हते. डाव नीट खेळणे हाती होते, आणि ते त्यांनी केले.

आपल्या मुलाला सत्तर टक्के पडले, शेजारच्याला नव्वद, म्हणून घरी मान खाली घालणाऱ्या पालकांशी आम्हाला येथे बोलायचे आहे. मुलाने कोणता मोह टाळला, कोणता आधार वेळेवर दिला, कोणत्या अवघड दिवशी तो उठून गेला नाही, हे गुणपत्रिकेत लिहिलेले नसते. ते पाहण्यासाठी त्याचा डाव चाल-चाल मांडून पाहावा लागतो. निकाल एका ओळीत वाचता येतो. मूल तसे वाचता येत नाही.

अभ्यासासाठी

१. ३... बी५ या शाखेत सहाव्या चालीनंतर काळ्याच्या जागी बसून हत्ती वाचवण्याचे सर्व मार्ग शोधा. प्रत्येक मार्गात काय गमवावे लागते ते लिहा.

२. १५व्या चालीला काळ्याने जी८ऐवजी दुसरीकडे घोडा नेला असता तर पांढऱ्याने काय केले असते?

३. १८व्या चालीला काळ्याने सी३चा घोडा न मारता बी४वरचा उंट मागे घेतला असता तर डी४च्या प्याद्याचे पुढे काय झाले असते? दोन्ही बाजूंनी मत मांडा.

४. ३४व्या चालीला पांढऱ्याने ई८वर शह न देता काळ्याला एक चाल खेळू दिली, तर एफ६चा हत्ती एफ३चे प्यादे मारू शकेल का? मारल्यास डी८च्या वजिराचे काय होईल?

५. अखेरच्या स्थितीपासून दोघांनी पुढे खेळून पाहा. जिंकण्याचा प्रयत्न करणाऱ्याला कोणता धोका पत्करावा लागतो ते नोंदवा.

पालकांसाठी एक सूचना करून आम्ही हा लेख पुरा करतो. आपले मूल वसतिगृहात आणि आपण गावी, हे अंतर बुद्धिबळासाठी अडचण नाही. एक पट घरी मांडून ठेवावा, दुसरा मुलाजवळ असेल. दर आठवड्याच्या पत्रात किंवा रविवारच्या फोनवर एकेक चाल कळवावी. खेळता येत नसेल तर मुलाकडूनच शिकून घ्यावे. सोयूझ-९चा डाव पस्तीस चालींचा होता. आठवड्याला एक या हिशेबाने तेवढ्या चालींना पस्तीस आठवडे, म्हणजे जूनपासून फेब्रुवारीपर्यंतचे जवळजवळ सबंध शैक्षणिक वर्ष लागेल. डाव कोणी जिंकले, याची चौकशी आम्ही करणार नाही. वर्षअखेरीस लिहिलेल्या चालींचा कागद मात्र अवश्य आणून दाखवावा. तो आम्ही मुलांसोबत पटावर मांडून पाहू.